स्पाइक की न्यूक्लिओकॅप्सिड : अँटीबॉडी नेमके काय ओळखतात?

सोलापुरातल्या प्रयोगशाळेतून आलेला कोरोनाचा अँटीबॉडी अहवाल वाचताना ती चाचणी कोणत्या प्रथिनाविरुद्धची आहे, हे आधी पाहावे, असे मला कळकळीने वाटते. १२७३ अमिनो आम्लांचे स्पाइक प्रथिन विषाणूच्या पृष्ठभागावर असते. त्याचा जो भाग आपल्या पेशींवरील एसीई-२ ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे विषाणू जिथे जोडला जातो त्या प्रथिनाला) चिकटतो, त्यालाच अँटीबॉडी घट्ट धरून बसली, तर विषाणूचा शिरकाव रोखला जातो, मात्र ओमायक्रॉनप्रमाणे तिथली अमिनो आम्ले बदलली की जुनी ओळख पुष्कळदा निसटते. न्यूक्लिओकॅप्सिड हे दुसरे प्रथिन विषाणूच्या आत, त्याच्या आरएनएला म्हणजे जनुकीय साहित्याला वेढून असते. त्याविरुद्धच्या अँटीबॉडी सहसा शिरकाव थांबवत नाहीत, पण होऊन गेलेल्या संसर्गाची खूण ठरतात. कोविशिल्ड केवळ स्पाइकची ओळख करून देते. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असल्याने ती घेतलेल्यांत ही खूण निर्णायक मानता येत नाही.