वीजबिल, नाल्याचा फोटो आणि जाहीर सूचना: सोलापूरकरानं कुठलं दार वाजवावं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणारा माझा एक मित्र परवा तीन कागद घेऊन घरी आला. पहिला, वाढलेलं वीजबिल. दुसरा, शेडमागच्या नाल्याचा छापून आणलेला फोटो; पाणी जांभळं. तिसरं वर्तमानपत्रातलं कात्रण. त्याच्या गावाकडच्या साखर कारखान्याच्या विस्ताराची पर्यावरणविषयक जनसुनावणी जाहीर झाली होती. "तिन्ही मिळून हरित न्यायाधिकरणात टाकू की," म्हणाला. "एकच वकील, एकच खर्च."

बरीच वर्षं मागवाल्यांची निवेदनं लिहून दिल्यामुळं ही गफलत मला नवी नाही. ऊर्जा आणि पर्यावरण हे शब्द भाषणात जोडीनं येतात, पण कायदे वेगळे, कार्यालयं वेगळी, मुदती तर फारच वेगळ्या. त्याच्या तीन कागदांपैकी एकच हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायालयात, जातो, आणि तोही वेळेत असला तर.

विजेच्या नकाशावर सोलापूर काही आडगाव नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडला जोडलं गेलं. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उजनीच्या पाण्यावर चालतो. पण दर आणि परवाने ठरवणाऱ्या संस्था बसतात मुंबई, पुणे आणि दिल्लीत. खाली ज्यांची तुलना केली आहे त्यांतलं एकच दार गावात आहे, ते म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय. त्यामुळं दार निवडताना रेल्वेचं तिकीटही हिशेबात धरा.

बिल चुकलं की दर चुकला?

वीजबिलाचा कागद हातात घेतल्यावर मी हा प्रश्न आधी विचारतो, कारण उत्तरावर दार बदलतं.

मीटर जोरात पळतोय, चुकीच्या वर्गवारीत टाकलंय, मागची थकबाकी अचानक दाखवली, हे झालं बिल चुकणं. त्यासाठी वीज कायदा २००३ नं ग्राहक तक्रार निवारण मंच दिला आहे. सोलापूर मंडळ महावितरणच्या बारामती परिमंडळात येतं, म्हणून मंचही त्याच परिमंडळाचा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडं. वकील लागत नाही. बिलं, मीटर रीडिंग आणि महावितरणशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार लावून दिला की अर्धं काम होतं. बहुतेक लोक इथंच चुकतात: तोंडी तक्रार करतात, पोच घेत नाहीत आणि दोन वर्षांनी संतापतात.

माझ्या मित्राचं बिल मात्र बरोबर होतं. त्याचं म्हणणं, दरच जास्त आहे. तो ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झालेला, मुंबईत बसणारा. महावितरण आपल्या खर्चाची याचिका दाखल करते, तिची जाहिरात वर्तमानपत्रांत येते, लोकांकडून हरकती मागवतात, सुनावणी होते आणि मग आदेश निघतो. कायद्यानं यासाठी १२० दिवसांची मुदत घातली आहे. हरकत लिहायला शुल्क नाही, मराठी चालते. सुनावण्या विभागांच्या ठिकाणी होतात. आपल्याला जवळचं पुणे. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली तर त्याच दिवशी परत येता येतं.

आता या दाराची खरी गोम. आयोगाकडं तुमचं एकट्याचं गाऱ्हाणं चालत नाही. "माझे माग बंद पडले" हे ऐकून घेतात, नोंदवतात आणि पुढचा माणूस बोलावतात. चालतो तो आकडा: महावितरणनं गळती किती दाखवली, शेतीपंपांचा वापर कसा मोजला, महागडी वीज का घेतली. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट, मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्था आयोगासमोर ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून उभ्या राहतात त्या याच ताकदीवर. तुमची हरकत त्यांच्या मुद्द्याला सोलापूरचं उदाहरण पुरवत असेल तर ती आदेशात दिसते. नाहीतर "काही ग्राहकांनी दरवाढीस विरोध केला" या एका ओळीत सगळं सोलापूर बसतं.

शिवाय दर आता पाच-पाच वर्षांसाठी ठरतात. सध्याचा टप्पा २०२५-२६ ते २०२९-३०. म्हणजे संधी वारंवार येत नाही, मधल्या आढाव्याच्या वेळेवर लक्ष ठेवावं लागतं. २८ मार्च २०२५ ला आयोगानं दर उतरवणारा आदेश दिला, महावितरणच्या अर्जावरून काही दिवसांतच त्याला स्थगिती दिली, आणि २५ जून २०२५ ला फेरविचाराचा नवा आदेश काढला. जाहीर सुनावणीशिवाय दर कसे बदलले, हा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मी हे सांगतो ते आयोगाचं दार बंद आहे असं म्हणायला नाही. याचिकेवर नजर ठेवायची तर आदेश निघाल्यावरही ठेवावी लागते, एवढंच. आदेशावर अपील करायचं तर ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणात जावं लागतं, आणि ते एकट्या मागवाल्याच्या आवाक्यातलं नव्हे.

दोन गैरसमज जाता जाता. यंत्रमागाला जी सवलत मिळते, २७ अश्वशक्तीच्या खालची एक आणि वरची वेगळी, ती आयोग देत नाही, राज्य सरकार देतं. वीज कायद्याच्या कलम ६५ प्रमाणं तिचे पैसे सरकारनं वीज कंपनीला आगाऊ भरायचे असतात. सवलत थांबली तर आयोगाला पत्र लिहून काही होत नाही. वस्त्रोद्योग खात्याकडं आणि आमदाराकडं जायचं. दुसरं, एनटीपीसीची धुराडी आपल्याला दिसतात म्हणून तिथल्या विजेचा भाव मुंबईत ठरतो असं नाही. केंद्राच्या मालकीच्या वीजकेंद्रांचा दर दिल्लीतला केंद्रीय विद्युत नियामक आयोग ठरवतो. महावितरणच्या खर्चात वीजखरेदीचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे आपल्या बिलाचा मोठा भाग मुंबईत सुनावणी होण्याआधीच बांधलेला असतो.

जांभळं पाणी: मंडळ की न्यायाधिकरण?

इथं खरी निवड करावी लागते, कारण दोन्ही दारं उघडी असतात.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ सप्टेंबर १९७० मधलं. देशाचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा, म्हणजे आपलं मंडळ त्याहून जुनं. कारखाना उभारायला एक संमती आणि चालवायला दुसरी, या दोन कागदांवर मंडळाची सत्ता चालते. किती पाणी सोडायचं, कसं शुद्ध करून सोडायचं, हे त्या संमतिपत्रात लिहिलेलं असतं. तक्रार करण्याआधी समोरच्या कारखान्याचं संमतिपत्र मिळवून वाचा. "घाण पाणी सोडतात" या तक्रारीपेक्षा "संमतीतल्या अमुक अटीचा भंग होतोय" ही तक्रार अधिकाऱ्याला टाळायला जड जाते. आणि हो, आधी आपलं स्वतःचं संमतिपत्र चालू आहे का ते बघा. मित्राच्या शेडमध्ये रंगाईची एक छोटी टाकी आहे, हे मला बोलता बोलता कळलं. तपासणीला आलेला माणूस एकाच शेडमध्ये डोकावत नाही.

बाटलीत भरलेलं पाणी घेऊन कार्यालयात जाणारे मी पाहिलेत. त्या बाटलीला कायद्यात पुरावा म्हणून किंमत नाही. नमुना अधिकृत माणसानं, कारखान्याला नोटीस देऊन, कायद्यात सांगितलेल्या रीतीनं घ्यावा लागतो. म्हणून लेखी तक्रारीत मागणीच अशी करा: अमुक ठिकाणी, अमुक वेळेला नमुना घ्या. रंग रात्री सोडत असतील तर तेही लिहा. सकाळी अकराला घेतलेला नमुना निर्मळ निघतो.

मंडळाचं खरं हत्यार दंड नाही, जलप्रदूषण कायद्याचं कलम ३३-अ आहे. त्याखाली कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देता येतो. वीज तोडली की माग थांबतात, आणि माग थांबले की मालक चोवीस तासांत कार्यालयात हजर होतो. शिवाय ४ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषण मंडळांना नुकसानभरपाई आकारण्याचाही अधिकार असल्याचं स्पष्ट केलं. हत्यारं भरपूर आहेत, ती उचलली जातात का हा वेगळा प्रश्न.

ती उचलली जात नाहीत तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. २०१० चा कायदा, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात. खर्च लोकांना वाटतो तितका नाही: भरपाई मागितली नाही तर अर्जाचं शुल्क १००० रुपये, मागितली तर रकमेच्या एक टक्का. वकिलाचे पैसे वेगळे, आणि कामकाज इंग्रजीत असल्यामुळं वकील बहुधा लागतोच. त्यात सोलापूर-पुणे फेऱ्या. न्यायाधिकरणात न्यायिक सदस्यासोबत तज्ज्ञ सदस्य बसतो, ही मोठी जमेची बाजू. नाल्यातल्या रंगाची गोष्ट त्याला पहिल्यापासून समजावून सांगावी लागत नाही. कमकुवत बाजू ही की पीठ सदस्यांअभावी रखडण्याचे प्रसंग आलेले आहेत.

आणि मुदत. वाद सोडवून घ्यायचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत. सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवस. भरपाई किंवा बिघडलेली जागा पूर्ववत करून मागायची असेल तर पाच वर्षं. दोन्ही अर्ज एकाच कायद्यातले, पण हा फरक माहीत नसल्यानं चांगली प्रकरणं दारातच अडतात.

कायद्याच्या परिशिष्टात सात कायदे आहेत: पाणी, हवा, वन, जैवविविधता वगैरे. वीज कायदा त्यात नाही. मित्राचं बिल तिथं का चालणार नाही याचं उत्तर एवढंच.

माझा कौल: आधी मंडळ, नेहमीच. ते काम करेलच म्हणून नव्हे. पुढं न्यायाधिकरणात उभं राहिल्यावर "मंडळाकडं गेला होता का?" हे विचारलं जातं आणि शिक्क्याची पोच हे त्याचं सर्वांत स्वस्त उत्तर. दोन महिने वाट पाहा, त्याहून जास्त नको.

जनसुनावणीचं कात्रण

या कागदाला घाई सर्वांत जास्त आणि खर्च सर्वांत कमी. प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीविषयीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, आयोजन प्रदूषण मंडळाचं. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत वाचायला ठेवतात. इथं मतदान होत नाही, गणसंख्येचीही अट नाही. हजार माणसं घोषणा देऊन गेली आणि एकानं उभं राहून "मळीचं पाणी कुठं साठवणार, विहिरींपासून किती अंतरावर?" असं विचारलं, तर मंजुरीसाठी प्रकल्प तपासणाऱ्या दिल्लीच्या किंवा राज्याच्या समितीपुढं तो एक प्रश्न जातो. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. लोक त्याआधीच गाड्या काढतात. ते ऐकेपर्यंत उठू नका. आपला मुद्दा गाळला असेल तर तिथंच उभं राहून सांगा.

दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाचं दार मी सहसा सुचवत नाही, पण तिथं काय ठरतं ते कळायला हवं. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या गंधकावर मर्यादा आली, मग तिच्या मुदती वाढत गेल्या. २०२१ च्या अधिसूचनेनं केंद्रांचे तीन गट पाडले: दिल्लीच्या राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांच्या १० किलोमीटर परिसरातली, तशाच अंतरात प्रदूषणाच्या यादीतल्या शहरांजवळची, आणि उरलेली. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार भरली. पन्नासेक हजार डोकी कमी पडली म्हणून आपलं शहर पहिल्या गटात मोजलं जात नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणून गणती दुसऱ्या गटाच्या शहरांत. अशा अधिसूचनेचा मसुदा निघाला की हरकतींसाठी बहुधा ६० दिवस मिळतात, ईमेलनं पाठवता येतात. एक संध्याकाळ घालवायला हरकत नाही.

मित्राला मी कागद वाटून दिले. कात्रण खिशात, कारण सुनावणीला बारा दिवस उरले होते. बिलाची नक्कल माझ्याकडं, पुढच्या याचिकेसाठी. त्याच्यासारख्या आणखी वीस मागवाल्यांची बिलं जमवायची आहेत. फोटो मंडळाकडं, अर्जासोबत.

"हा काढला कधी?" मी विचारलं.

"गड्ड्याच्या जत्रेआधी. संक्रांतीला आठ दिवस होते."

आता आषाढ. आम्ही दोघांनी बोटांवर महिने मोजले. सहा भरून वर चार दिवस झाले होते.

"मग गेलं की बे सगळं."

मी सांगितलं, साठ दिवसांची सवड आहे, पण उशिराचं कारण लिहून द्यावं लागेल; आणि नाला साफ करून मागायचा तर पाच वर्षं हातात आहेत. त्यानं फोटो उलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि मागच्या बाजूला तारीख टाकली.