मालवणला डायव्हिंगसाठी ‘मुलं सांभाळणारी मावशी’ ऑनलाइन बुक करताय? आधी हे वाचा

आधीच सांगते, मी नोकरी करते, घरातल्या सगळ्यांना ‘ओटीपी कुणाला देऊ नका’ म्हणून मीच ओरडत असते. त्यामुळे ‘तू कशी काय फसलीस’ हे कृपया विचारू नका, सासरमाहेर दोन्हीकडून विचारून झालंय. गेले एकूण १६,३६०. त्यातले १५,३६० त्या भामट्याच्या घशात आणि १,००० माझ्या न झालेल्या डाइव्हचे.

आमची दोन पिल्लं, मोठा पावणेतीन वर्षांचा, धाकटी दीड. मालवणला जाऊन दोघांनी एकत्र स्कूबा करायचं हे लग्नाच्या आधीपासून ठरलेलं. दहा वर्षांखालच्या मुलांना डाइव्ह नाही हे तर माहीतच होतं, पण एवढ्या लहानांना बोटीवरसुद्धा घेणार नाही असं सेंटरवाल्यांनी आधीच सांगितलं आणि ते बरोबरच आहे त्यांचं. पाण्याखाली तुम्ही जेमतेम पंधरा-वीस मिनिटं असता, पण तब्येतीचा फॉर्म भरा, सूट चढवा, तोंडाने श्वास घ्यायची प्रॅक्टिस करा, मग बोटीत बसून आपला नंबर यायची वाट बघा, सकाळ तिथेच जाते. तेवढा वेळ किनाऱ्यावर मुलांजवळ कोण बसणार? सासूबाई येणार होत्या, त्यांच्या गुडघ्याने ऐनवेळी दगा दिला.

मग इन्स्टावर ती जाहिरात दिसली. तारकर्ली-मालवण-देवबाग, ‘तुम्ही डाइव्ह करा, बाळांना आम्ही बघतो’, चार तासांचे १,५००, पोलीस व्हेरिफाइड. फोटोत साधीशी बाई, कडेवर बाळ, मागे माड. आणि बोलणारा माणूस इतका गोड की काय सांगू. ‘ताई, बिनधास्त या, आमच्या मावशी स्वतःच्या नातवंडांसारखं करतात.’ मोठा दुपारी किती वाजता झोपतो, धाकटीला नाचणीसत्त्व चालतं का, डायपर कुठला वापरता, सगळं विचारलं. अहो, आमची पाळणाघरवाली इतकं विचारत नाही! मला वाटलं, काळजी असल्याशिवाय कोण विचारेल.

बुकिंगचे १,५०० दिले. मग डिपॉझिट ५,०००, रिफंडेबल. मग पोलीस व्हेरिफिकेशनचे १,१८०, म्हणजे १,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. पोलीस जीएसटी कधीपासून घ्यायला लागले? हे मला आता सुचतंय.

आणि आता ते, ज्याने अजून रात्री जाग येते. मावशींचं सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर आलं. कोपऱ्यात फोटो, खाली निळा गोल शिक्का, किंचित तिरका, खरा वाटावा म्हणून मुद्दाम पुसट केलेला. शिक्क्यात लिहिलेलं, ‘सिंधुदुर्ग शहर पोलीस ठाणे’. सिंधुदुर्ग शहर!! माझं माहेर राजापूर हो, १९८१ पर्यंत आमचा आणि मालवणचा जिल्हा एकच होता. सिंधुदुर्ग किल्ला आहे, सिंधुदुर्ग जिल्हा आहे, मुख्यालय ओरोसला आहे ज्याला सिंधुदुर्गनगरी म्हणतात, पण सिंधुदुर्ग नावाचं शहर जगात नाही. मी ते सर्टिफिकेट झूम करून बघितलंय, दोन बोटांनी मोठं करून. पण शिक्का नाही बघितला, बाईचा चेहरा बघितला, की ही चिडकी तर नसेल ना, मुलांवर हात तर उगारणार नाही ना. कुठलीही आई तेच बघेल. शिक्के वाचणं हे आईचं काम आहे का?

त्याच्याही आधी एकदा मी सहज विचारलेलं की आमची तारीख पुढे गेली आणि जुलैत आलो तर? तर म्हणे, ‘हो हो ताई, डायव्हिंग बारा महिने चालू असतं.’ पावसाळ्यात तिकडे बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, हे कोकणातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मीही ऐकलं आणि सोडून दिलं, कारण आम्ही जाणार होतो डिसेंबरात.

पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलेलं ते एका मोबाईल दुकानाचं. विचारलं तर ‘आमचे अकाउंटंट आहेत’. लोकहो, यूपीआयवर बँकेतलं नाव दिसतं ते उगाच नाही दिसत. वाचा ते. जुळत नसेल तर पिन टाकू नका, समोरचा कितीही ताई-ताई करू दे.

ठरल्या दिवशी सकाळी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर मावशी नाहीत. फोन लावला तर रडवेल्या आवाजात, ‘ताई, मावशींच्या घरी मयत झालं, तुमचा पूर्ण रिफंड करतो.’ पण म्हणे सिस्टीमला एंट्री मॅच व्हायला हवी, तेवढेच ७,६८० परत टाका, दोन्ही मिळून १५,३६० पाच मिनिटांत येतील. आता घरी सोफ्यावर बसून वाचताना हे मूर्खपणाचं वाटतं, मान्य. तिथे बोटवाला हाका मारतोय, मोठा मूठभर वाळू तोंडात घालतोय, धाकटीने शी केलीय, नवरा ‘लवकर काय ते ठरव’ म्हणून डोक्यावर उभा. टाकले मी. पुढच्या मिनिटाला नंबर बंद.

डाइव्ह नवऱ्याने एकट्याने केली. मी मुलं सांभाळत बँकेला फोन लावत बसले. वर येऊन मासे काय काय दिसले ते सांगायला लागला, मी फक्त बघितलं त्याच्याकडे.

आता बँक. अर्धा तास संगीत ऐकवून बाई म्हणते, पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम, मग हा ऑथराइज्ड व्यवहार आहे. अगं बाई, चोराने फसवून टाकायला लावला, म्हणूनच तर फोन केला! परत येताना वाटेतल्या एका पोलीस ठाण्यात गेलो, तर साहेब म्हणाले तुमचं अकाउंट मुंबईकडचं, तिकडे तक्रार द्या. इकडच्या ठाण्यात म्हणाले घटना कोकणातली, तिकडे द्या. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो, कायद्यात आहे, मी मोबाईलवर कलम काढून दाखवलं तर वर हेच ऐकवलं की वकील आहात का? आणि पंधरा हजारांसाठी एवढं? म्हणजे किती गेले की तुम्ही खुर्चीतून उठणार, तो आकडा तरी भिंतीवर लावा. शेवटी एक साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर प्रिंटर बंद. बँकेचा मात्र मेसेज आला, तुमची तक्रार यशस्वीपणे बंद करण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती स्टार द्याल?

तुमच्यावर वेळ आली तर ठाणी फिरत बसू नका, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, बारा आकडी यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत सांगितलं तरच होल्ड लागायची आशा. मी आधी बँक-बँक करत बसले, तासभर तिथेच गेला.

होमस्टेच्या काकींना संध्याकाळी सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘अगो, माका इचारूक होया होता!’ त्यांची सून घरातच होती, दोन दिवस माझी पोरं तिच्याच अंगाखांद्यावर. तेव्हा राहणार तिथेच आधी विचारा. मावशी कुठल्या वाडीतल्या, घर कुणाच्या शेजारी, हे विचारा, खऱ्या माणसाला लगेच सांगता येतं. व्हिडिओ कॉलला ‘देवबागला रेंज नाही’ म्हणाला तर सोडा त्याला. आणि कोणीच नसेल तर सरळ दोन बॅच करा, एकजण पहिल्या बोटीने, दुसरा नंतरच्या. सेंटरवाले ॲडजस्ट करतात, फक्त आदल्या दिवशी सांगा, माझ्यासारखं बोट सुटताना नाही.

परवा आणखी एकाचा फोन. सायबर विभागातून बोलतोय, तुमचे १५,३६० अडकलेत ते सोडवून देतो, फक्त ९९९ प्रोसेसिंग भरा. रक्कम पैशापैशासकट बरोबर होती. त्याला मी राजापुरी भाषेत जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.