आठ महिन्यांचा अनुभव : केबलवाले डिस्क ब्रेक कशाने मंदावले आणि कसे सुधारले

माउंटन बाइक घेऊन आठ महिने झाले. दोन्ही चाकांना १६० मिलिमीटरचे रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकड्या, आणि केबलवर चालणारे मेकॅनिकल डिस्क ब्रेक. पहिले तीन महिने तक्रारीला जागाच नव्हती, दोन बोटांनी लिव्हर दाबला की सायकल थांबायची. पुढे लिव्हर हळूहळू खोल जायला लागला. पाचव्या महिन्यात एका उतारावर लिव्हर हँडलला टेकला तरी वेग आवरेना, तेव्हा पोटात गोळा आला. घरी येऊन त्याच संध्याकाळी कॅलिपर, म्हणजे दोन पॅडमध्ये रोटर पकडणारा भाग, उघडायला घेतला.

लिव्हर खोल गेला की मी लिव्हरजवळची गोल चकती फिरवून केबल ताणून घेत होतो. सगळं बिघडलं ते इथेच. माझ्या कॅलिपरमध्ये, आणि अशा बऱ्याच कॅलिपरमध्ये, फक्त बाहेरचा पॅड हलतो. तो रोटरला किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. आतला पॅड झिजला की रोटरला जास्त वाकावं लागतं आणि जोर त्यातच खर्च होतो. केबल ताणत गेलं की केबल ओढते तो कॅलिपरचा दांडा ब्रेक न दाबताच अर्धा फिरलेला राहतो, मग दाबायला त्याच्याकडे उरतं काय?

म्हणून केबल पूर्ण सैल केली आणि दांडा मागे मूळ जागी जाऊ दिला. मग आतल्या पॅडचा स्क्रू स्पोकमधून ॲलन की घालून थोडा थोडा फिरवला. खाली जमिनीवर पांढरा कागद ठेवला आणि वरून कॅलिपरमध्ये डोकावलं, की रोटर आणि पॅडमधली फट स्पष्ट दिसते. चाक घासू नये, पण फट केसाएवढीच राहावी, इतकं जवळ आणलं. शेवटी केबलचा फक्त ढिलेपणा काढला. पुढचा ब्रेक तेवढ्यानेच पहिल्यासारखा झाला.

मागचा मात्र हटेना. किंचाळायचा आणि पकडायचा नाही. पॅड काढले तर तोंडावर काळपट चकाकी. चेनवर मारलेला तेलाचा स्प्रे रोटरवर उडाला होता. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, पॅड पॉलिश पेपरवर घासले. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पॅडचं मटेरियल सच्छिद्र असतं, आत मुरलेलं तेल तापल्यावर वर येतं. नवे पॅड टाकले तेव्हाच प्रश्न सुटला. तेव्हापासून चेनला बाटलीतून एकेक थेंब घालतो, स्प्रे बंद.

पॅड घेताना रोटरवरची अक्षरं जरूर वाचा. काही रोटर फक्त रेझिनच्या, म्हणजे मऊ, पॅडसाठी असतात, त्यांच्यावर मेटलचे पॅड लावले तर रोटर लवकर झिजतो. किमान जाडीही बहुधा तिथेच कोरलेली असते, माझ्या रोटरवर १.५ मिलिमीटर आहे.

नवे पॅड पहिल्या पाच-सहा दाबांना अगदी निर्जीव वाटतात, घाबरून परत काढू नका. सपाट रस्त्यावर बेताचा वेग घेऊन चालण्याच्या गतीपर्यंत सावकाश आणायचं, चाक लॉक होऊ द्यायचं नाही. असं वीस-तीस वेळा केलं की पॅडचा पातळ थर रोटरवर बसतो. माझ्याकडे साधारण पंधराव्या वेळी पकड आल्याचं बोटांना कळलं.

घ्यावेत का? महिन्यातून एकदा दहा मिनिटं ॲलन की हातात धरायची तयारी असेल तर हो, मला हे ब्रेक आवडतात, कारण सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताने नीट करता येतं. लांब, तीव्र उतार नेहमीचे असतील तर हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक घ्या. त्यात दोन्ही पॅड सारखे सरकतात, झिजेप्रमाणे आपोआप पुढे येतात आणि बोटं भरून येत नाहीत. मात्र लिव्हर स्पंजासारखा लागू लागला तर आतली हवा काढावी लागते, ते काम वेगळं.

काल पुन्हा चाकं काढून पाहिलं. नवे असल्याने मागच्या पॅडवर भरपूर मटेरियल आहे, पुढचे मात्र एक मिलिमीटरच्या आसपास आलेत. पुढचा जोड आणून ठेवलाय.