फुकटचं कार्ड

रेकॉर्डर अस्सल होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी फसलो तो त्या अस्सलपणामुळेच.

मी हौशी नाटकांना संगीत देतो. एकांकिकांच्या दिवसांत दिग्दर्शक संध्याकाळी शब्द हातावर ठेवतो आणि परवापर्यंत चाल मागतो. चाल काही पेटीपुढे बसलं की सुचतेच असं नाही. मला ती बहुतेक वेळा स्कूटरवर, सिग्नलला उभा असताना सुचते, आणि घरी पोचेपर्यंत मुखडा कुठल्या स्वरावरून उचलला होता तेच आठवत नाही. फोनमध्ये गुणगुणून ठेवायचो, पण फोनला फक्त बोलणं कळतं. मागे सतत चालणारा एकसुरी आवाज म्हणजे गोंगाट, असं समजून तो पुसायला बघतो. तानपुरा लावून गायलं की तानपुरा गायब. पेटीचा सूर लांबवला की मध्येच विरघळतो.

म्हणून एक छोटा संच जमवायचं ठरवलं, शबनम पिशवीत मावेल एवढा. झूमचा एच-फोर-एन प्रो हा रेकॉर्डर (मीटिंगवालं झूम नव्हे, ही जपानी कंपनी वेगळी), गाण्यासाठी शुअरचा एसएम ५८ माइक, हेडफोन, वायर आणि चार पेन्सिल सेल. या रेकॉर्डरला डोक्यावर स्वतःचे दोन माइक असतात आणि खाली बाहेरचे माइक जोडायला दोन जागा. नवं सगळं घ्यायचं तर खिशाला झेपणारं नव्हतं. सेकंडहँडच्या जाहिराती बघू लागलो.

पहिला भेटला तो 'सैन्यातला' माणूस. बदली झालीय, सामान विकायचंय, कँटीनच्या कार्डाचा फोटो, गणवेशातला फोटो, आणि दर दोन वाक्यांमागे 'जय हिंद सर'. कुरियरचे पैसे आगाऊ मागितले. मी नको म्हटल्यावर म्हणाला, तुम्हीच आधी माझ्याकडून टोकन घ्या, विश्वास बसेल. एक क्यूआर कोड पाठवला, म्हणे स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, एवढं मला माहीत होतं. नंबर ब्लॉक केला आणि चार मित्रांना फुशारकीनं सांगितलं. आपल्याला काही कुणी गंडवू शकत नाही, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं असं आता वाटतं.

दुसरा पुण्यातलाच होता. समोरासमोर भेटू म्हणाला, आगाऊ काही नको म्हणाला. कर्वे रोडवरच्या एका चहाच्या दुकानात भेटलो. पंचविशीतला पोरगा, पाठीला गिटार. बँड मोडला, आता गोव्याला शिफ्ट होतोय, म्हणून विकतोय. रेकॉर्डर, माइक मिळून सोळा हजार म्हणाला. साडेतेराला तुटलं. मी पैसे पाठवायला फोन काढला तेव्हा तो म्हणाला, "दादा, तुम्ही संगीतातले आहात म्हणून, हे बत्तीस जीबीचं मेमरी कार्ड पण राहू द्या आत. त्याचे काही नकोत."

मी तपासलं नाही असं कुणी म्हणू नये. रेकॉर्डरच्या पाठीवरचा सिरियल नंबर बघितला. प्रत्येक बटण दाबलं. दोन्ही जागांवर माइक लावून बघितला, हेडफोन घालून पाच मिनिटं रेकॉर्ड केलं, परत ऐकलं. आजूबाजूच्या कपबश्यासुद्धा सुरेख आल्या होत्या. पण आता मागे वळून बघतो तेव्हा लक्षात येतं की माझं नव्वद टक्के लक्ष रेकॉर्डरवर होतं. तो खरा निघाल्यावर बाकीच्या दोन वस्तू त्याच्या पुण्याईवर आत आल्या. खऱ्याच्या पंगतीला खोटे बसवले की त्यांना कुणी विचारत नाही.

माइकचं बिंग महिन्याभरात फुटलं. तालमीत आमच्या साउंडवाल्या मित्रानं तो हातात घेतला, तळहातावर दोनदा उडवला आणि म्हणाला, "हलका लागतोय रे." आमच्या घरचा पिठाचा डिजिटल काटा काढला. अस्सल एसएम ५८ चं वजन २९८ ग्रॅम असतं. हा २४१ भरला. मग त्यानं जाळीचा गोळा फिरवून काढला, आतलं डोकं अलगद वर उचललं. खऱ्या माइकमध्ये तिथून पिवळी आणि हिरवी अशा दोन बारीक तारा खाली दांड्यात जातात, तिथे एक ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, वजनाचा बराचसा भाग त्याचाच. माझ्या माइकमध्ये लाल आणि पांढरी तार होती, आणि दांडा पोकळ. तेव्हा कुठे उमगलं की हा माइक हातात धरून गायलं की बोटांची खडखड का येत होती. खऱ्याला आत हादरे शोषणारी सोय असते, म्हणून तर १९६६ पासून लोक तो स्टेजवर आपटत, पाडत वापरताहेत. माझी मात्र समजूत होती की आपल्यालाच माइक धरता येत नाही.

हा जगात सर्वांत जास्त नक्कल होणाऱ्या माइकांपैकी एक आहे, हे साउंडवाल्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला नव्हतं. चिडलो, पण चार हजारांचं नुकसान म्हणून गिळलं. रेकॉर्डरचे स्वतःचे माइक उत्तम होते, काम अडत नव्हतं. त्या पोरालाही कुणी तरी फसवलं असेल, असं मी काही दिवस स्वतःला सांगत राहिलो.

आणि मग गणपतीला गावी गेलो.

आमचं गाव चिपळूणकडलं. गौरीच्या रात्री बायका झिम्मा-फुगडी घालतात, आणि माझी आत्या, वय वर्षं एक्क्याऐंशी, भिंतीला टेकून गाणी सांगते. तिच्या एका गाण्याचा ठेका माझ्या डोक्यात लहानपणापासून अडकलेला. ऐकायला सहा मात्रांचा सरळ दादरा, पण फुगडीच्या पावलासाठी पाचव्या मात्रेवर ती किंचित अडते आणि पुढचा शब्द उशिरा टाकते. हे 'किंचित' कागदावर लिहिता येत नाही. नव्या एकांकिकेतलं मुख्य गाणं मला त्याच चालीवर बेतायचं होतं. तीन दिवसांत चार तास रेकॉर्डिंग केलं. आत्याचं एकूण एक्केचाळीस मिनिटं. कानाला हेडफोन होते, आवाज स्वच्छ येत होता, पडद्यावर आकडे पळत होते, कार्डात अजून वीस तासांची जागा दिसत होती. सेल पुरवायचे म्हणून परत लावून ऐकलं नाही. आणि हेडफोनमध्ये जे ऐकू येतं ते माइकमधून येणारं असतं, कार्डावर लिहिलेलं नव्हे, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

पुण्याला येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं. सगळ्या फायली रांगेत होत्या. आत्याची फाइल, तारीख बरोबर, आकार ७०८ एमबी, अगदी बरोबर. उघडली तर, ही फाइल वाचता येत नाही. पुढची, तेच. त्याच्या पुढची, तेच. रेकॉर्डरमध्ये घातलं, तोही नकार देऊन पुढे सरकला. पहिल्या दिवसाची आरती मात्र खणखणीत वाजली, वीस माणसं बेंबीच्या देठापासून ओरडताहेत, टाळ सगळ्यांच्या वर. तेवढी वाचली.

डेटा काढून देणारा एक जण बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ बसतो. त्यानं कार्ड बघितलं आणि दहा मिनिटांत परत दिलं. पैसेही घेतले नाहीत. म्हणाला, "पुसलेलं काढता येतं. लिहिलंच नाही ते कुठून काढू?"

त्यानं जे सांगितलं ते असं. कार्डाच्या आत एक छोटा कंट्रोलर असतो, आणि कार्ड किती मोठं आहे हे यंत्राला तोच सांगतो. खोट्या कार्डात आत आठ जीबीची जागा असते आणि कंट्रोलरला 'बत्तीस' म्हणायला शिकवलेलं असतं. फायलींची नावं आणि आकार यांची यादी कार्डाच्या सुरुवातीला लिहिली जाते, ती जागा खरी असते, म्हणून यादी शेवटपर्यंत शाबूत. आठ जीबी भरले की पुढचा आवाज येतो आणि हवेत जातो. काही कार्डं तर उलट फिरून आधीचंच खोडतात. अनुक्रमणिका बत्तीस पानांची, बांधलेली पानं आठ. मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जावर रेकॉर्ड करतो, त्यात तासाला साधारण एक जीबी लागतो. म्हणजे पहिले सात-आठ तास कार्ड इमानदार होतं. चहाच्या दुकानातली पाच मिनिटं त्यातच गेली, तालमीही त्यातच गेल्या. अशा कार्डाचं खोटेपण पहिल्या दिवशी दिसतच नाही, ते तुमच्या कामात मुरल्यावर बाहेर येतं.

हे पकडायला विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स, मॅकवर एफथ्री असे फुकट प्रोग्रॅम आहेत. कार्ड पूर्ण भरेपर्यंत लिहायचं आणि तेवढं सगळं परत वाचून ताडून बघायचं, एवढंच ते करतात. माझ्या कार्डावर चालवलं तेव्हा साडेसात जीबीच्या आसपास बरोबर संपून चूक सुरू झाली. तासाभराचं काम. जूनमध्ये केलं असतं तर... असो.

पोराचा नंबर लागेना. ज्या खात्यात पैसे गेले ते नाव वेगळंच होतं, हेही तेव्हा दिसत असून मी विचारलं नव्हतं. चौकीवर गेलो. हवालदारसाहेब सभ्य होते, पण त्यांचा पहिलाच प्रश्न, "वस्तू मिळाली ना तुम्हाला?" मिळाली होती. बिल होतं का? नव्हतं. आणि व्यवहाराला तीन महिने झालेले. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, तिथे लगेच कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येतात. तीन महिन्यांनी तिथे सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तरी ऑनलाइन तक्रार नोंदवून ठेवली आहे.

दिवाळीच्या सुमारास त्याच साइटवर एक जाहिरात दिसली. निराळं नाव, निराळा नंबर, पण रेकॉर्डरखाली अंथरलेली निळी चादर तीच, तिच्यावरचा चहाचा डागही तोच. 'बँड मोडला' हेही तेच. त्यालाही कुणी तरी फसवलं असेल, हा माझा विचार तिथे संपला. मी जाहिरातीची तक्रार केली, ती उतरली. पंधरा दिवसांत चादर बदलून परत आली.

तो माइक सोसायटीच्या मंडळाला दिला. 'पांढऱ्या गाडीवाल्यांनी गाडी काढावी' एवढं त्यातून छान ऐकू येतं. कार्ड नवं घेतलं, दुकानातून, पक्क्या बिलावर, आणि तरीही रात्रभर भरून-वाचून बघितलं. गावाला जाताना आता दोन कार्डं असतात आणि दर रात्री झोपण्याआधी त्या दिवसाचं सगळं लॅपटॉपवर उतरवून, प्रत्येक फाइल मधूनच एकदा वाजवून बघतो. घरचे हसतात.

आत्याला फोन केला होता. दिवाळीत येतो, परत एकदा म्हणशील का, असं विचारलं. म्हणाली, "ये की. पण आता खोकला झालाय, आणि ते गाणं फुगडी चालू असल्याशिवाय मला नीट आठवत नाही." गेलो. ती खुर्चीत बसून म्हणाली. शब्द सगळे आले. पाचव्या मात्रेवर ती अडली नाही.