अपडेटनंतर अडलेलं विंडोज ११: आतली दुरुस्ती कितपत कामाची?

अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट झालं आणि लोगोवरच अडकलं, की मुंबईत पहिलं नाव निघतं कॉम्प्युटरच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडचं. लॅपटॉप पिशवीत घालून ग्रँट रोड स्टेशन गाठण्याआधी विंडोज ११ मधलीच दुरुस्तीची सोय वापरून पाहा. आमच्या मते तिला पाचपैकी साडेतीन गुण.

तिचा मोठा गुण म्हणजे विंडोज सुरूच होत नसलं तरी ती हाताशी असते. लोगो दिसला की पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि मशीन बंद करायचं. लागोपाठ दोन-तीनदा असं केलं की रिकव्हरीचा स्क्रीन येतो. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. पुढे दोन पर्याय दिसतात आणि घोळ होतो तो इथेच. दर महिन्याच्या अपडेटने बिघडवलं असेल तर क्वालिटी अपडेट काढायचं. २३एच२ वरून २४एच२ असं अख्खं व्हर्जन बदललं असेल तर फीचर अपडेट.

फीचर अपडेट मागे घ्यायला मुदत मात्र फक्त १० दिवसांची, नंतर जुन्या विंडोजचं फोल्डर आपोआप पुसलं जातं. गणपतीला कोकणात निघायच्या आदल्या रात्री अपडेट टाकलं, तर अनंत चतुर्दशी करून परतेपर्यंत ती वाट बंद. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) डीआयएसएम या विंडोजमधल्याच दुरुस्तीच्या साधनाची एक आज्ञा देऊन ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती १० दिवसांच्या आतच द्यावी लागते. इतकी गरजेची गोष्ट सेटिंग्जमध्ये कुठेच नाही, म्हणून अर्धा गुण कापला.

रिकव्हरीत शिरताना बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या सोयीची, ४८ अंकी की मागितली जाऊ शकते. अनेक नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आधीपासून चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. आजच उघडून कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर कितीही हुशार कारागीर तुमचे फोटो परत आणू शकणार नाही.

मशीन सुरू होतंय, पण आवाज किंवा वायफाय गेलंय? मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या प्रॉपर्टीजमधून रोल बॅक ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर). ते बटण पुसट दिसत असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या; ड्रायव्हर शोधून देणारी फुकटची सॉफ्टवेअर टाकू नका. सिस्टिमच्या फाइल्स बिघडल्याचा संशय असेल तर त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डीआयएसएमचं रिस्टोअरहेल्थ, मगच एसएफसी (फाइल्स तपासून बदलणारं साधन) स्कॅननाऊ. एसएफसी चांगल्या फाइल्स ज्या साठ्यातून उचलतं, तोच आधी दुरुस्त व्हायला हवा. त्यासाठी नेट चालू लागतं. मध्येच टक्के एका जागी थांबले तर खिडकी बंद करू नका, काम आत चालूच असतं.

उरलेला एक गुण गेला तो ऑक्टोबर २०२५ मुळे. १४ तारखेच्या अपडेटनंतर रिकव्हरीच्या स्क्रीनवर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. पर्याय समोर दिसतायत, पण निवडता येत नाहीत! दुरुस्ती आली २० ऑक्टोबरला. अशा वेळी उपयोगी पडतो तो आधीच बनवलेला विंडोज इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो. बनवताना त्यातलं सगळं पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा.

इतकं करूनही जमलं नाही, पण विंडोज उघडत असेल, तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथलं 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट'. चालू व्हर्जन नव्याने बसतं. फाइल्स, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज जागेवर राहतात. दुकानात 'फॉरमॅट मारावा लागेल' असं ऐकलंत, तर आधी हे करून झालंय का ते विचारा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह) दिसतच नसेल तर मात्र दोष अपडेटचा नसण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा खुशाल लॅमिंग्टन रोड गाठा.