गडग्यासह : दहा फुटी नोंदणीकृत वाटेचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या मंगळवारी पिकअपचा उजवा आरसा तिसऱ्यांदा गेला. त्याच फणसापाशी, गडग्याला, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणभिंतीला, जिथे पोट आलंय तिथेच. ड्रायव्हर खाली उतरला, काचा बघितल्या आणि म्हणाला, "भाऊ, रस्ता दहा फुटी म्हणता ना?" मी गप्प. कागदावर दहा फूटच आहे. सूची दोनवर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सारांशावर, आहे, सातबाऱ्याच्या इतर हक्कात आहे. जमिनीवर मात्र साडेसात फूट आहे आणि फणसापाशी जेमतेम साडेसहा. मधले अडीच फूट एका शब्दाने खाल्ले. तो शब्द ‘गडग्यासह’.

दुसऱ्याच्या जमिनीतून जायचा नोंदवलेला हक्क वाढवून घ्यायच्या विचारात कोणी असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय. वहिवाट, हिस्सेदार, फेरफार हे सगळं माहीत आहे असं धरतो. रत्नागिरी जिल्ह्यात कलमांची बाग असलेल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळतं.

आमचा मूळ लेख १९८७ चा. ज्यांच्या जमिनीतून वाट जाते त्या आप्पांच्या वडिलांनी माझ्या वडिलांना लिहून दिलेला, चार फुटी, ‘पायी व डोईवरील ओझ्यासह जाण्या-येण्याचा हक्क’. तेव्हा ते बरोबरच होतं, कारण पेट्या डोक्यावरूनच पाखाडीने खाली जायच्या. आता डोक्यावर पेटी घेणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी ऐकून पेटी आपणच उचलावी असं वाटतं. बरीच वर्षं आप्पांनी रिकामा टेम्पो येऊ दिला, तोंडी. पण तोंडी म्हणजे आप्पा आहेत तोवर. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यासारख्या हक्कांचा कायदा) स्पष्ट आहे की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही. पायवाट ती पायवाट. वीस वर्षं उघडपणे, हक्क म्हणून, कुणी न अडवता गाडी नेली तर गोष्ट वेगळी. आमची आप्पांच्या परवानगीने जायची, आणि परवानगीने नेलेली गाडी त्यात मोजत नाहीत.

मी सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो आणि चूकदुरुस्ती लेख करायचाय म्हणून सांगितलं. डोक्यात हिशेब असा की पाचशेचा मुद्रांक (२०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत शंभरात व्हायचं, ते दुःख वेगळं), थोडी नोंदणी फी, झालं. टेबलामागच्या बाईंनी जुना लेख वाचला. "यात चूक काय आहे?" मी म्हटलं, रुंदी चार आहे, ती दहा हवी. त्या म्हणाल्या, "ही चूक नाही. ही तुमची गरज आहे."

त्या दिवशी राग आला होता. आता कबूल करतो की बाईंचं बरोबर होतं. गट नंबर चुकला, नावात काना राहिला, चतुःसीमेत पूर्वेची पश्चिम झाली, तर ती चूक. चाराचे दहा आणि पायवाटेचा गाडीरस्ता म्हणजे नवा हक्क, त्याला पुरवणी लेख लागतो. वाढीव पट्ट्याचं मूल्यांकन होतं आणि मुद्रांक त्यावर बसतो. आमची वाट २१० फूट लांब. सहा फूट वाढले, म्हणजे १,२६० चौरस फूट, सव्वा गुंठ्याच्या थोडं खाली. आप्पांना ६० हजार ठरले होते, शिवाय तोडलेल्या दोन कोकमांचे वेगळे.

ज्यांनी हक्क द्यायचा त्या सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि हे प्रकरण खरं तिथे सुरू होतं. आप्पांचे वडील गेले, सातबाऱ्यावर नऊ नावं, जमीन सामाईक. पाचजण गावात. तिघे मुंबईकडे, त्यात डोंबिवलीच्या आत्याबाई. एक पुतण्या शारजात. आत्याबाईंनी पैसे घेतले नाहीत, एकच अट घातली : फणस तोडायचा नाही. वाट म्हणून फणसाला वळसा घालून जाते. त्या वळणाचा उल्लेख वर आलाच आहे.

गावातल्या पाचजणांनी १२ मे रोजी सह्या केल्या. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो, म्हणजे १२ सप्टेंबरपर्यंत. चाकरमानी गणपतीशिवाय येणार नाहीत. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आले म्हणून वाचलो. दोन दिवसांनी, शुक्रवारी, तिघांना गाडीत घालून तालुक्याला नेलं. आत्याबाईंच्या मांडीवर उकडीच्या मोदकांचा डबा. नंबर लागेपर्यंत आमचे मोदक संपले आणि माझा जीवही. पुतण्याचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद, वकिलातीतून आलं होतं. परदेशातून आलेल्या अशा कागदाला इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावावा लागतो, आणि ते मला सांगितलं कुणी? झेरॉक्सवाल्याने.

आता त्या शब्दाकडे येतो. तालुक्यातल्या वकिलांनी मसुद्याचे आठ हजार सांगितले. मला ते जास्त वाटले. कचेरीबाहेर दस्त लिहून देणारा दीड हजारात तयार झाला. साडेसहा हजार वाचले म्हणून त्या रात्री बायकोला हॉटेलात जेवायला नेलं, त्याचे सातशे गेले. दस्तवाल्याने आप्पांच्या अंगणात उभं राहून टेप लावला. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला आप्पांच्या बागेचा गडगा. टेप दरडीपासून निघाला तो गडग्यावरून जाऊन बागेच्या बाजूला टेकला. लेखात उतरलं : ‘गडग्यासह दहा फूट रुंदीचा गाडीरस्ता’.

मी मसुदा वाचला होता. एकदा नाही, तीनदा. ‘गडग्यासह’ वाचून मला उलट बरं वाटलं. म्हटलं वा, गडगाही आपल्यालाच, फुकटात! अडीच फूट जाडीचा जांभ्याचा गडगा रस्त्यात धरलाय, म्हणजे रस्त्यातून वजा झालाय, हे लक्षात आलं पिकअपने पहिला आरसा घासला तेव्हा. रिकामी बोलेरो पिकअप पावणेसहा फुटांच्या आतच असते, पण आरसे उघडले की सात घेते. ट्रकला कायद्याने २.६ मीटर रुंदी चालते, म्हणजे साडेआठ फूट. बोअरवेलच्या गाडीवाल्याने तोंडावरून मागे नेली आणि तरी डिझेलचे पैसे मागितले. दिले नाहीत.

दस्तवाल्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही वाचून सही केलीत ना? दुरुस्ती करू, नऊ सह्या आणा, माझे दीड हजार." यावर काय बोलणार. वाचलं होतंच.

परतीच्या पावसात गडग्याचा पंधरा फुटांचा तुकडा ढासळला. चिरे वाटेत. आप्पा पडवीत बसूनच म्हणाले, "गडगा तुझ्या रस्त्यात धरलास मरे, मग लावायचा कोणी?" वाट वापरण्यासाठी जी डागडुजी लागते तिचा खर्च वाटेचा हक्क ज्याचा त्याने करायचा, हे सुखाधिकार कायद्यातही आहे. मुरूम मी टाकत होतोच. पण आप्पांच्या बागेचा गडगा? फुकट मिळालेल्या गडग्याचं पहिलं बिल नऊ हजार चारशे, गवंडी आणि दोन गडी धरून. इथवर मी पाचात दीडच गुण देणार होतो, तेही आत्याबाईंच्या मोदकांचे.

मत बदललं ते शिमग्यात. आप्पांचा मुंबईचा एक पुतण्या, ज्याने सही केली होती तोच, पालखीच्या आदल्या दिवशी फणसापाशी साखळी बांधून मोकळा. म्हणे आमच्या जागेतून टेम्पो कशाला? तोंडी परवानगीच्या काळात मला आप्पांच्या पाया पडावं लागलं असतं, नाहीतर अडथळ्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा, तोही पायवाटेच्या जोरावर. या वेळी घरात जाऊन सातबारा आणला. इतर हक्कात फेरफाराच्या नंबरासकट ओळ : गाडीरस्त्याचा हक्क, दहा फूट. ती नोंद व्हायला पंधरा दिवसांची नोटीस धरून नोव्हेंबर उजाडला होता, तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) चार वेळा भेटलो होतो. पुतण्याने ओळ दोनदा वाचली, मग खाली आपली सही असलेला लेख बघितला, आणि साखळी गुंडाळून खिशात घातली. संध्याकाळी आमच्याकडे सरबताला आला. शंभर रुपयांची साखळी, पण त्या दिवशी ६० हजार वसूल झाल्यासारखे वाटले. हापूसच्या पेट्या यंदा सगळ्या दारातून गेल्या, एकही पेटी डोक्यावरून नाही.

तरी शब्द खुपतोच. ढासळलेला तुकडा परत लावताना मी आप्पांना विचारलं, एकेरी चिऱ्याची भिंत घालू का, फूटभर जागा मोकळी होईल. आप्पा म्हणाले, "घाल रे, मला गुरं आवरली म्हणजे झालं." घातली. तिथे पिकअप आता सुसाट जाते. उरलेल्या गडग्यालाही आप्पांचा होकार आहे, पण होकार तोंडी आहे. आणि नोंदवलेल्या लेखातल्या अटी नंतरच्या तोंडी बोलण्याने बदलल्या असं कोर्टात सिद्ध करता येत नाही. पुराव्याचा कायदा नवा झाला तरी हे कलम तसंच राहिलं. म्हणजे आज आप्पांच्या शब्दावर गडगा पातळ केला, तर उद्या डोंबिवलीहून कुणी येऊन आमचा अडीच फुटांचा गडगा कुठे गेला म्हणून विचारू शकतो. ‘गडग्यासह’चं ‘गडगा वगळून’ करायला तेच नऊजण, तीच कचेरी, तेच ‘यात चूक काय आहे’. या वेळी मी म्हणेन, चूक आहे बाई, माझी आहे. वकिलांना विचारलं. आठ हजारांचे आता दहा झालेत.

आत्याबाई गणपतीत येणार आहेत. तोवर साडेसहाशेचा नवा आरसा बसवलाय, दुमडणारा. फणस आला की ड्रायव्हर हात बाहेर काढून तो मिटतो.