पँथर रणगाड्याचे १:३५ मॉडेल: दर्शनी बाजू उत्तम, फायनल ड्राइव्ह गायब

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पँथर रणगाड्याच्या ‘जी’ आवृत्तीचे १:३५ प्रमाणातील हे प्लॅस्टिक किट मी ठाण्यात, नौपाड्यातील एका दुकानातून घेतले. किंमत साडेचार हजारांच्या घरात असल्यामुळे केवळ शोभेची वस्तू म्हणून न पाहता ते जरा खोलात जाऊन तपासावे असे वाटले. वागळे इस्टेटमध्ये गिअर कापण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे रणगाड्याकडे मी आधी यंत्र म्हणून पाहतो. मूळ आराखड्याचे बळ आणि त्याचे दुखणे, या दोन्ही गोष्टी जोडणी करणाऱ्याच्या लक्षात येतात का, ही माझ्या लेखी खरी कसोटी आहे. बळ या किटमध्ये पुरेपूर उतरले आहे. दुखणे मात्र निम्मेच उतरले आहे.

१९४१ मध्ये सोव्हिएत टी-३४ रणगाड्यांशी गाठ पडली तेव्हा आपली वाहने अपुरी पडत असल्याचे जर्मन सैन्याला कळून चुकले आणि त्यातून नव्या रणगाड्याची मागणी पुढे आली. डाइम्लर-बेंझ आणि एमएएन या दोन कंपन्यांच्या आराखड्यांपैकी एमएएनच्या आराखड्याची निवड झाली. टी-३४ कडून घेतलेला मोठा धडा म्हणजे उतरते चिलखत. पँथरची पुढची मुख्य प्लेट ८० मिलिमीटर जाडीची असली तरी ती उभ्या रेषेपासून ५५ अंश कललेली होती, त्यामुळे समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला सुमारे १४० मिलिमीटर पोलाद भेदावे लागे. किटमध्ये हा कोन अचूक आहे. पुढची प्लेट आणि बाजूच्या प्लेटा जिथे एकमेकींत खाचा करून अडकवल्या आहेत, त्या सांध्यावरची वेल्डिंगची रेघ नखाने चाचपली तरी जाणवते.

तोफेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ७५ मिलिमीटर व्यासाची आणि व्यासाच्या ७० पट लांबीची ही तोफ सेकंदाला ९०० मीटरहून अधिक वेगाने गोळा फेकत असे आणि टी-३४ किंवा अमेरिकी शेर्मन रणगाड्यांना समोरून, तेही दूरवरून, भेदू शकत असे. किटमधील नळी एकसंध ओतलेली असल्याने सांध्याची रेघ घासत बसावे लागत नाही.

बाजूचे चिलखत मात्र तोलामोलाचे नव्हते. ‘जी’ आवृत्तीत वरचा भाग ५० मिलिमीटरचा, तर चाकांमागचा खालचा भाग ४० मिलिमीटरचा आणि सरळ उभा होता. शिवाय तोफचीला तोफेच्या दुर्बिणीखेरीज बाहेर पाहण्याचे दुसरे साधन नसल्यामुळे बगलेवरचे लक्ष्य शोधण्यात वेळ जाई. सप्टेंबर १९४४ मध्ये फ्रान्समधील अराकूर येथे अमेरिकी तुकड्यांनी धुक्याचा आडोसा घेऊन पँथरना बगलेवरच गाठले आणि त्यांचे मोठे नुकसान केले.

चाकांची जोडणी हा या किटचा सर्वांत बोलका भाग आहे. प्रत्येक बाजूला आठ आस असून त्यांवरची मोठी चाके एकमेकांच्या आत-बाहेर गुंफलेली आहेत. यामुळे वजन साखळीवर सारखे पसरते आणि दुहेरी टॉर्शन बारमुळे, म्हणजे पिळ बसल्यावर स्प्रिंगसारखे काम करणाऱ्या पोलादी दांड्यांमुळे, खडबडीत रानातही रणगाडा फारसे हिसके न खाता चालतो. साखळीची रुंदी ६६० मिलिमीटर होती. किटमधील कडी व्हर्नियरने मोजली तेव्हा ती १८.९ मिलिमीटर भरली, म्हणजे प्रमाणात चोख. पण आतले एखादे चाक रंगवायला विसरले, की शेजारची बाहेरची चाके काढल्याशिवाय ब्रश तिथे पोहोचत नाही. रशियाच्या थंडीत या चाकांमधला चिखल रात्रीतून गोठून बसे, आणि आतले एक चाक बदलायचे म्हटले तरी मेकॅनिकला आधी बाहेरची चाके उतरवावी लागत. हे वाचून जेवढे कळते त्याहून जास्त ही जोडणी करताना कळते.

पँथरला सर्वांत जास्त छळले ते फायनल ड्राइव्हने, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली गती साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकाला देण्याआधीच्या शेवटच्या गिअरजोडीने. इथे प्लॅनेटरी गिअर, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर आणि त्यांना वेढणारे कडे अशी रचना, वापरण्याचा विचार होता, परंतु त्यासाठी लागणाऱ्या कड्याला आतून दात कापावे लागतात. आतले दात बाहेरचे दात कापणाऱ्या साध्या हॉबिंग मशीनवर निघत नाहीत, त्यांना शेपर हे वेगळे यंत्र लागते, आणि युद्धकाळात जर्मनीत गिअर कापणाऱ्या यंत्रांची टंचाई होती. म्हणून साधे, सरळ दातांचे गिअर बसवले गेले. प्लॅनेटरी रचनेत भार अनेक पिनियनांत, म्हणजे छोट्या गिअरांत, वाटला जातो. साध्या जोडीत तो एका वेळी एक-दोन दातांवर येतो. अशा भाराखाली तुटलेला दात टेबलावर घेऊन पाहिला, तर तडा बहुधा मुळाशी असलेल्या गोलाईतून सुरू झालेला दिसतो. त्यातच ३० टनांचा म्हणून मागवलेला रणगाडा प्रत्यक्षात ४५ टनांचा झाला आणि ७०० अश्वशक्तीच्या मायबाख इंजिनाचा सगळा जोर याच दातांवर आला. युद्धानंतर काही पँथर फ्रेंच सैन्याने वापरले. त्यांच्या १९४७ च्या अहवालात फायनल ड्राइव्हचे सरासरी आयुष्य १५० किलोमीटर दिले आहे. ठाण्याहून निघालेल्या गाडीने पुणे गाठेपर्यंतच मान टाकावी, असा हा हिशेब आहे.

किटमध्ये मात्र या जागी बाहेरून बोल्ट दाखवलेला एक भरीव उंचवटा आहे आणि आत काहीही नाही. इंजिनाच्या जाळ्यांसाठी धातूची बारीक पत्री देणाऱ्या कंपनीला गिअरचे दोन तुकडे देणे जड नव्हते. सोबतच्या माहितीपत्रकात पँथरला युद्धातील सर्वोत्कृष्ट रणगाडा म्हटले आहे, पण जुलै १९४३ मध्ये रशियातील कुर्स्क येथे उतरवलेल्या सुमारे २०० पँथरपैकी बहुतेक सुरुंग, शत्रूचा मारा आणि यांत्रिक बिघाड यांमुळे पहिल्या आठवड्यातच निकामी झाले, याचा उल्लेखही नाही. ही उणीव मला सर्वांत जास्त खटकली.

तोफेच्या बुडाशी असलेल्या गोलाकार ढालीचे दोन्ही नमुने दिले आहेत, हे उत्तम. जुन्या ढालीवर आपटलेला गोळा खाली घसरून चालकाच्या डोक्यावरच्या पातळ छतात घुसण्याचा धोका होता. १९४४ च्या उत्तरार्धात तिला खाली हनुवटीसारखी कड देण्यात आली. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की सुधारणेचे कारण लगेच ध्यानात येते.

जोडणीचे पत्रक सुरुवातीलाच सगळी चाके चिकटवायला सांगते, ते ऐकू नये. चाके सुटी रंगवून मगच बसवावीत. मॉडेलवर लावायच्या शिक्क्यांचे कागद थोडे पिवळट निघाले. दुकानात खोके उघडून तुकडे तपासू दिले, ही चांगली गोष्ट, पण जर्मन पिवळ्या छटेचा रंग तिथे नव्हता, तो वेगळा मागवावा लागला. मॅट वार्निश पावसाळ्यात मारू नये, आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. बाहेरून देखणा पँथर हवा असेल तर किंमत वसूल होते. आतील यंत्रणा पाहायची असेल तर आतला भागही देणारे महागडे किट घ्यावे.